न लिहिलेले नाटक आणि न लिहिलेली नावे

१

मराठी रंगभूमीचा इतिहास ५ नोव्हेंबर १८४३ रोजी सांगलीस सुरू झाला, असे आपण शाळेपासून शिकतो आणि पुढे शिक्षक झालो की तेच शिकवतो. संस्थानाधिपती चिंतामणराव पटवर्धन यांच्या आश्रयाने विष्णुदास भावे यांनी 'सीतास्वयंवर' हा खेळ केला आणि भावे मराठी रंगभूमीचे जनक ठरले. या इतिहासातली एक साधी गोष्ट मात्र समारंभाच्या भाषणात सहसा येत नाही. भाव्यांच्या नाटकातले गद्य लिहिलेले नव्हते. भावे पदे रचीत. सूत्रधार ती पदे म्हणे, आणि मग राम, रावण, विदूषक, राक्षस ही पात्रे त्या पदातला मतलब धरून आपापल्या शब्दांत बोलत. राक्षसांनी 'अललडुर्र' म्हणून आरोळी ठोकावी हे ठरलेले. बाकी बोलणे ज्याच्या त्याच्या जिभेवर. छापील पुस्तकावरून पाठ करून बोलायची 'बुकिश' नाटके पुढे आली. विनायक जनार्दन कीर्तने यांचे 'थोरले माधवराव पेशवे' १८६१ चे आहे. तोपर्यंत मराठी नाटक हे बोलता बोलता रचले जाणारे नाटक होते.

प्रसंग द्यायचा, पात्रे द्यायची, पण शब्द द्यायचे नाहीत. नटांनी बोलून, भांडून, चुकून, पुन्हा करून तो प्रसंग उभा करायचा, या पद्धतीला हल्लीच्या नाट्यशिबिरांतून 'इम्प्रोव्हायझेशन' म्हणतात. आपल्या लोकांजवळ तिला जुना शब्द आहे: संपादणी. सोंग आणले की ते संपादावे लागते. नुसते तोंड रंगवून भागत नाही. समोरचा काय बोलेल त्याला तिथल्या तिथे जबाब द्यावा लागतो.

आता त्याच सांगलीच्या मुलुखातले दुसरे नाव घेऊ. तासगावकडच्या सावळजचे उमाजी मांग, म्हणजे उमा बाबाजी सावळजकर. त्यांचा 'मोहना-बटाव' हा तमाशातला पहिला वग मानला जातो. तो १८६५ च्या सुमाराचा. म्हणजे भाव्यांनंतर वीस-बावीस वर्षांत, काही कोसांच्या अंतरावर, एका मातंग कलावंताने गण, गौळण, बतावणी यांच्या पुढे एक सलग नाट्यकथा जोडली. वगाची रीत काय? पदे बांधलेली, गद्य नटांचे. भाव्यांची रीत काय? पदे बांधलेली, गद्य नटांचे. दोन्ही ठिकाणी कागद नाही. पण एकाच्या कागद नसण्याला इतिहासाने 'रंगभूमीची बाल्यावस्था' म्हटले आणि त्याला जनकत्व दिले. दुसऱ्याच्या कागद नसण्याला 'अडाणीपणा' म्हटले आणि त्याच्यामागे शिपाई लावला. हा फरक नाट्यशास्त्रातून आलेला नाही, तो जातीतून आलेला आहे.

कोणी म्हणेल, लिहिले असते तर तुम्हालाही मान मिळाला असता. त्याचे उत्तर जोतीराव फुले यांनी आधीच देऊन ठेवले आहे. १८५५ साली त्यांनी 'तृतीय रत्न' हे नाटक लिहिले. चांगले लिहून काढले आणि दक्षिणा प्राइज कमिटीकडे पाठवले. कमिटीने ते नाकारले. ते छापून वाचकांपुढे यायला १९७९ साल उजाडले. म्हणजे आपल्या माणसाने लिहिले नाही तर तो अडाणी, आणि लिहिले तर सव्वाशे वर्षे कपाटात. त्या नाटकातला विदूषक मधूनमधून प्रसंग थांबवून प्रेक्षकाशी बोलतो. हे त्याचे काम सोंगाड्याच्या किती जवळचे आहे, हे तमाशा पाहिलेल्याला सांगावे लागत नाही.

२

पांढरपेशा समीक्षेने तमाशाकडे पाहिले ते दोनच नजरांनी. एक तर नाक मुरडून, नाही तर 'लोककला' म्हणून कौतुकाने. दोन्ही नजरांना तमाशाचा नट विचार करतो हे दिसले नाही. तो बोलतो ते 'उत्स्फूर्त', म्हणजे पावसात छत्री उगवावी तसे आपोआप उगवलेले, असे धरून चालण्यात आले. ही समजूत खोडून काढणे फार गरजेचे आहे, म्हणून वग बसवण्याच्या रीतीकडे थोडे बारकाईने पाहू.

फडाचा सरदार किंवा वग जाणणारा जुना माणूस कथा सांगतो. राजा कोण, प्रधान कोण, कट कोणी केला, राणीला वनवास का आला, शेवट कसा. पदे कोणती व कोठे, हे ठरते. प्रत्येक पात्राला आपण प्रसंगात कशासाठी शिरतो आणि काय घेऊन बाहेर पडतो, एवढे पक्के ठाऊक असते. मधले अंतर त्याने स्वतः चालायचे. नवा पोरगा आधी झीलकरी म्हणून मागे उभा राहतो, तुणतुणे धरतो, आणि रात्रीमागून रात्री जुन्याचे बोलणे कानात साठवतो. मग त्याला शिपायाचे काम मिळते, मग हवालदाराचे. सोंगाड्या होणे ही फार पुढची पायरी, कारण सोंगाड्याला एकाच वेळी तीन माणसांवर लक्ष ठेवावे लागते: समोरचे पात्र, ढोलकीवाला आणि प्रेक्षक.

प्रेक्षक येथे संपादकाचे काम करतो. एका गावात टाकलेले वाक्य पडले तर दुसऱ्या गावात ते जाते. उठले तर राहते. पन्नास रात्रींनंतर त्या वगाला एक संहिता झालेली असते. ती वहीत नसेल, पण सात-आठ माणसांच्या स्मरणात असते आणि एकाने चूक केली तर बाकीचे सावरून घेतात. म्हणजे संपादणी ही तयारीचा अभाव नसून तयारीची वेगळी रीत आहे. तीत लिहिणे, तालीम आणि प्रयोग या तीन क्रिया वेगळ्या पडत नाहीत. ज्या समाजाला हजारो वर्षे अक्षर नाकारले गेले, त्या समाजाने नाटक रचण्यासाठी अक्षराला वळसा घालणारी ही वाट काढली. दादू इंदुरीकरांचे 'गाढवाचं लग्न' किंवा काळू-बाळूंचा 'जहरी प्याला' ज्यांनी पाहिला त्यांना कळेल की छापील पान आणि उभा राहिलेला वग यांत केवढे अंतर असते.

पण मी या रीतीला पवित्र मानायला तयार नाही. तोंडी आहे म्हणून ती आपोआप मुक्तीची होत नाही. मावशीच्या तोंडचे बाईला हिणवणारे विनोद हेही पिढ्यान्‌पिढ्या बोलून बोलूनच पक्के झाले. जे टाळी घेते ते टिकते, आणि गावात टाळी कोण देतो? ज्याच्या खिशात दौलतजादा आहे तो. त्याच्या नजरेसमोर उभ्या राहिलेल्या कोल्हाटी, महार, मांग बाईला आपले शब्द निवडण्याचे स्वातंत्र्य किती होते, हा प्रश्न लोककलेच्या कौतुकात बुडवता येणार नाही. पठ्ठे बापूरावांनी तमाशाच्या उत्पन्नातून महाडच्या लढ्यासाठी पैसे देऊ केले आणि बाबासाहेबांनी पवळाबाईला नाचवून मिळालेला पैसा नको म्हणून तो नाकारला, ही हकीकत आपल्या चळवळीत वारंवार सांगितली जाते. तिचा अर्थ तमाशाच्या कलेचा तिरस्कार असा मी घेत नाही. ही कला कोणाच्या मर्जीवर उभी आहे, असा तो सवाल आहे.

३

त्या सवालाला उत्तर दिले जलशांनी. सत्यशोधक जलशाने तमाशाचा साचा घेतला आणि आतला माल बदलला. गण राहिला, पण गणपतीसाठी राहिला नाही. गौळणीच्या जागी भटशाहीची, सावकारीची उलटतपासणी आली. पुढे आंबेडकरी जलशांनी तोच साचा आणखी पुढे नेला. नाशिककडचे भीमराव कर्डक आणि त्यांचे सहकारी १९३० नंतरच्या काळात गावोगाव फिरले. त्यांनी नाचणारी बाई काढून टाकली आणि स्त्रीची कामे पुरुषांनी केली. विषय आले ते शिक्षण, दारू, मेलेल्या जनावराचे मांस, महारकी, मंदिरप्रवेश, धर्मांतर हे. बाबासाहेब आपल्या दहा सभा आणि एक जलसा बरोबरीचे मानीत, ही आठवण जलसेकारांच्या पिढीने जपली. कर्डकांचे 'आंबेडकरी जलसे : स्वरूप व कार्य' हे पुस्तक १९७८ साली आले आणि एका जाणत्या जलसेकाराच्या हातचा दस्तऐवज आपल्याला मिळाला.

जलशाने संपादणीला विचाराची शिस्त लावली, हे मला त्यातले सर्वांत मोठे काम वाटते. प्रसंगातून काय निघाले पाहिजे हे पक्के; ते कसे बोलायचे हे मोकळे. खेड्यातल्या प्रेक्षकाला पाटील ठाऊक होता, तलाठी ठाऊक होता, पाणवठ्यावरचे भांडण ठाऊक होते. नटही त्यातूनच आलेला. तेव्हा शब्द शोधायला त्याला पुस्तकाकडे जावे लागत नव्हते. जलशातली पदे पुस्तिकांतून छापली गेली, लोकांच्या तोंडी बसली. त्यामधले गद्य मात्र फारच थोडे उरले. ते ज्यांच्या तोंडी होते ती माणसे गेली आणि त्यांच्याबरोबर तेही गेले.

दुसरीकडे राज्यसंस्थेला तोंडी नाटकाची नेहमीच भीती वाटत आली. १८७६ चा नाट्यप्रयोग कायदा इंग्रजांनी केला. तो रद्द व्हायला स्वतंत्र भारतात २०१८ साल उजाडले. स्वातंत्र्य मिळाल्यानंतर लगेचच मुंबई राज्यात बाळासाहेब खेर यांचे मंत्रिमंडळ आणि मोरारजी देसाई गृहमंत्री असताना तमाशावर अश्लीलतेच्या कारणाने बंदी आली. लाल बावटा कलापथकाच्या अण्णा भाऊ साठ्यांच्या तमाशालाही सरकारी बंदीला तोंड द्यावे लागले आणि 'तमाशा' हे नाव टाकून 'लोकनाट्य' हे नाव पुढे आले. अण्णा भाऊ वाटेगावचे. त्यांचे चुलतभाऊ बापू साठे यांच्या तमाशात त्यांनी लहानपणी हे शिक्षण घेतलेले. शाळेत दीड दिवस गेलेल्या या माणसाने 'अकलेची गोष्ट' लिहिली ती संपादणीच्या कानाने.

पुढे बंदी सैल झाली, पण संहिता आगाऊ तपासून घेण्याची अट आली. १९५४ पासून राज्यात प्रयोगांचे परिनिरीक्षण मंडळ आहे. या अटीचा परिणाम नीट पाहा. ज्या फडाकडे कधी वही नव्हती त्याला वही दाखल करणे भाग झाले. वही म्हटली की लिहिणारा आला. आणि लिहिणारा आला की त्याचे नाव 'लेखक' म्हणून लागले. सात-आठ नटांनी अनेक रात्रींत रचलेले बोलणे एका हस्ताक्षरात उतरले आणि त्या हस्ताक्षराचे झाले. यात लिहिणाऱ्याचा लबाडपणा होताच असे मी म्हणत नाही. रकाना एकाच नावाचा होता, एवढेच.

४

बाहेरच्या जगातही हेच घडले आहे. इटलीत सोळाव्या शतकापासून 'कॉमेदिया देल आर्ते' या नावाने ओळखली जाणारी नटमंडळे हिंडत. त्यांच्याजवळ प्रसंगांची टिपणे असत, ती पडद्यामागे टांगलेली, संवाद नटांचे. फ्लामिनिओ स्काला याने १६११ साली अशी पन्नास टिपणे छापली. अठराव्या शतकात कार्लो गोल्दोनी आला. 'दोन धन्यांचा नोकर' हे त्याचे नाटक १७४५ च्या सुमारास त्याने अंतोनियो साक्की या नटासाठी बरेचसे टिपणवजा लिहिले; साक्कीने ते बोलून उभे केले; आणि पुढे गोल्दोनीने ते पूर्ण लिहून छापले. गोल्दोनीने साक्कीचे ऋण मानले. तरी आज जगभर ते नाटक गोल्दोनीचे म्हणूनच होते.

विसाव्या शतकात हीच गोष्ट 'पद्धत' म्हणून परत आली. रशियात स्तानिस्लावस्की आपल्या अखेरच्या वर्षांत, म्हणजे १९३० नंतर, नटांना संवाद पाठ करू देत नसे. आधी प्रसंग समजून घ्या, आपल्या शब्दांत करून पाहा, मग नाटककाराचे शब्द घ्या, असा त्याचा आग्रह होता. शिकागोत व्हायोला स्पोलिन हिने स्थलांतरित गरिबांच्या मुलांसाठी चाललेल्या वस्तीकेंद्रातून खेळ घेतले आणि १९६३ साली त्यांचे पुस्तक केले. ब्राझीलच्या ऑगुस्तो बोआल याने १९७४ च्या आपल्या ग्रंथात प्रेक्षकालाच रंगमंचावर बोलावले: पिडलेल्या माणसाच्या जागी तुम्ही असता तर काय केले असते, ते करून दाखवा. ही माणसे मोठी आहेत, त्यांचे काम अभ्यासलेच पाहिजे. पण सावळजच्या उमाजींची रीत शिकागोहून परत आल्यावरच आपल्या नाट्यशिक्षणात तिला खुर्ची मिळावी, हे मला मान्य नाही.

५

या सगळ्याची सर्वांत बोलकी साक्ष आपल्या शेजारच्या छत्तीसगडात मिळते. तो मुलूख मराठी वाचकाला परका नाही. रायपूरवर नागपूरकर भोसल्यांची सत्ता होती आणि १९५६ पर्यंत रायपूर हे नागपूर राजधानी असलेल्या प्रांतातच होते. हबीब तन्वीर (१९२३–२००९) रायपूरचे. त्यांचे महाविद्यालयीन शिक्षण नागपूरच्या मॉरिस कॉलेजात झाले. पुढे ते मुंबईत इप्टामध्ये आले, दिल्लीस गेले, आणि १९५५ नंतर इंग्लंडमध्ये नाट्यशिक्षण घेऊन परतले. १९५८ साली रायपुरात त्यांनी रात्रभर 'नाचा' पाहिला. नाचा म्हणजे छत्तीसगडी तमाशाच म्हणा: खालच्या जातींतले, आदिवासी आणि कष्टकरी कलावंत, स्त्रीवेष घेणारे पुरुष, आणि गद्य सगळे तोंडी. त्यांतले मदनलाल, ठाकुरराम, भुलवाराम, लालूराम वगैरे सहा नट त्यांनी दिल्लीस नेले आणि 'मृच्छकटिका'वरून 'मिट्टी की गाडी' बसवली. १९५९ मध्ये 'नया थिएटर' उभे राहिले.

आणि मग पंधरा वर्षे नीट जमेना. गावात रात्रभर लोकांना खिळवणारे हे नट दिल्लीच्या रंगमंचावर लाकडासारखे का होतात? तन्वीरांनी याची दोन कारणे नंतर स्वतःच सांगितली. एक, ते त्यांच्याकडून हिंदी बोलवून घेत होते. मायबोली छत्तीसगडी त्यांच्या तोंडातून काढून घेतली होती. दुसरे, लंडनला शिकलेल्या रीतीने ते नटाला इतकी पावले डावीकडे, मग वळा, मग बोला अशा हालचाली आखून देत होते. ज्याने आयुष्यात लिहिले-वाचले नाही आणि ज्याचे अंग प्रेक्षकाच्या प्रतिसादावर हलते, त्याच्यासाठी ती बेडी होती. तेव्हा त्यांनी भाषा मोकळी केली, पावले मोकळी केली, आणि प्रसंग सांगून नटांना करू दिले. नटांनी करावे, दिग्दर्शकाने पाहावे, ठेवावे, कापावे. १९७३ साली रायपूरच्या नाचा शिबिरात तीन जुनी प्रहसने अशा रीतीने एकत्र बांधून 'गाँव का नाम ससुराल, मोर नाम दामाद' हे नाटक निघाले.

त्यानंतर 'चरणदास चोर'. विजयदान देथा यांनी लिहिलेल्या राजस्थानी लोककथेवरचे. एक चोर गुरूला कधी खोटे न बोलण्याचा शब्द देतो आणि तो पाळण्यापायी जीव देतो. १९७४ साली भिलाईच्या शिबिरात नटांबरोबर त्याचा पहिला, छोटा खर्डा उभा राहिला. पाहायला होते सतनामी लोक. सतनामी म्हणजे गुरू घासीदास (१७५६–१८५०) यांच्या पंथाचे, चामड्याचा धंदा लादला गेलेल्या जातीतून उठलेले. त्यांनी मूर्ती नाकारली, जात नाकारली आणि सत्य हेच नाम मानले. सत्यासाठी मरणाऱ्या चोराची गोष्ट त्यांच्यापुढे ठेवताना त्यांचीच पंथी गाणी नाटकात आली आणि तीच नाटकाचा कणा झाली. १९८२ साली एडिंबरोच्या महोत्सवात या नाटकाला पारितोषिक मिळाले. फिदाबाईंची राणी आणि गोविंदराम निर्मलकरांचा चरणदास लोक अजून आठवतात. पुस्तकावर नाव एक आहे: हबीब तन्वीर. तन्वीरांनी आपल्या नटांचे श्रेय मुलाखतींतून वारंवार सांगितले, ते लपवले नाही. पण मुलाखत विसरली जाते, मुखपृष्ठ राहते.

याहून बोलके उदाहरण 'पोंगा पंडित' या प्रहसनाचे. त्याचे दुसरे नाव 'जमादारिन'. पुजारी आणि देवळात शिरणारी झाडूवाली यांच्यातल्या शिवाशिवीवर ते आहे. सुखराम आणि सीताराम या नाचा कलावंतांनी ते १९३० च्या दशकात बोलता बोलता रचले. इकडे काळाराम मंदिराचा सत्याग्रह चालू होता त्याच काळात तिकडे दोन नाचा कलावंत देवळाच्या दारातल्या विटाळावर लोकांना हसवीत होते. ते नटांच्या पिढ्यांमधून तोंडी चालत नया थिएटरकडे आले. १९९२ च्या डिसेंबरनंतर आणि पुन्हा २००३ मध्ये हिंदुत्ववादी संघटनांनी त्याच्या प्रयोगांवर हल्ले केले. शिव्या पडल्या त्या तन्वीरांना, त्यांच्या मुसलमान नावाला. हे मी लिहिलेलेच नाही, छत्तीसगडच्या गावकऱ्यांनी केलेले आहे, असे ते सांगत राहिले. अस्पृश्यतेवरचे हे हसे खेड्यातल्या अशिक्षित कलावंतांनी स्वतः रचले, ही गोष्ट हल्लेखोरांना सोयीची नव्हती. पारितोषिक असो की दगड, तो जाऊन लागतो माहीत असलेल्या एकाच नावाला.

२००९ च्या जूनमध्ये तन्वीर वारले आणि त्याच वर्षी छत्तीसगड सरकारने 'चरणदास चोर' या पुस्तकावर बंदी घातली. निमित्त होते सतनामी समाजाच्या एका गुरूंनी घेतलेल्या हरकतीचे. मी त्या हरकतीला हसणार नाही. ज्या समाजाला पिढ्यान्‌पिढ्या दुसऱ्यांनी नावे ठेवली, त्याला आपल्याविषयी कोणी काय लिहिले हे विचारण्याचा हक्क आहे. पण बंदी हे त्या प्रश्नाचे उत्तर नव्हे. पहिल्या पानापासून या नाटकात पंथी कोणाची, बोलणे कोणाचे, कोणत्या गावच्या नटाने कोणता प्रसंग उभा केला हे छापलेले असते, तर 'हे आमच्याविषयी कोणी लिहिले' या प्रश्नाला एक वेगळे उत्तर समोर असते, आणि भांडण झालेच असते तर आपसांत, बरोबरीने झाले असते.

६

मी महाविद्यालयातल्या मुलांना घेऊन काही वर्षे पथनाट्ये बसवत आलो आहे. या रीतीचे बळ आणि तिचा धोका दोन्ही तेथे रोज दिसतात, म्हणून एक उदाहरण देतो.

प्रसंग साधा होता. शहरात शिकायला आलेला दलित विद्यार्थी भाड्याने खोली पाहायला जातो. मी मुलांना एवढेच सांगितले. पहिल्या दिवशी घरमालक मिशीला पीळ देत हसला, विद्यार्थ्याने संविधानावर भाषण केले आणि बाकीच्यांनी टाळ्या वाजवल्या. सगळे सिनेमातून आलेले. मोकळे सोडले की नट आधी आयते साचे उचलतो, हे ध्यानात ठेवले पाहिजे. संपादणीला शिस्त लागते ती येथे. दुसऱ्या दिवशी मी एक अट घातली. कोणीही जातीचे नाव घ्यायचे नाही, आवाज चढवायचा नाही, आणि घरमालकाने शेवटपर्यंत गोड बोलायचे. मग घरमालक बदलला. 'या, बसा, पाणी घेता का?' 'पूर्ण नाव काय तुमचं?' 'मूळ गाव कुठलं?' 'नाही, आमचं काही नाही हो, पण आई सोवळं पाळते.' 'खाण्यापिण्याचं कसं?' 'खोली तशी कालच एकाला बोलून ठेवली आहे बघा.' समोरचा मुलगा गप्प होत गेला. त्याच्या हातात पाण्याचा पेला होता, तो त्याने खाली ठेवला नाही, प्यायलाही नाही. कोणी सांगितले नव्हते.

तिसऱ्या दिवशी मी कामे उलटी केली. ज्याला हे खरोखर चार ठिकाणी ऐकावे लागले होते, त्याने घरमालक केला. त्याला एकही वाक्य शोधावे लागले नाही. सगळे पाठ होते. ज्याच्या घरी अशा खोल्या भाड्याने देतात तो मुलगा खोली मागायला उभा राहिला, आणि आपले नाव सांगताना आडनावापाशी अडखळला. तालमीनंतर तो बराच वेळ बोलला नाही. दोन तास मी व्याख्यान दिले असते तर एवढे झाले नसते. नाटक चांगले व्हावे एवढ्यासाठीच ही रीत वापरायची नसते. माणूस जे जाणतो पण बोलत नाही ते त्याच्या तोंडून बाहेर पडावे, आणि जे बोलतो पण जाणत नाही ते त्याला कळावे, यासाठी ती आहे.

पुढे तो प्रसंग एका स्पर्धेसाठी लिहून काढला. प्रवेशपत्रिकेत 'लेखक' असा रकाना, त्यात एका नावापुरती जागा. मुले म्हणाली, सर, तुमचे नाव घाला. आम्ही सहाही मुलांची नावे बारीक अक्षरांत त्या जागेत बसवली. आयोजकांनी एकच नाव मागितले, आम्ही दिले नाही, आणि निवेदकाने प्रयोगाआधी लेखकाचे नाव न घेताच पडदा उघडला. मुलांना वाईट वाटले. मला त्या क्षणी जलशातल्या त्या असंख्य नटांची आठवण झाली, ज्यांची नावे पुकारायला कोणी उभाच नव्हता.

७

म्हणून कार्यकर्ते, विद्यार्थी आणि शिक्षक मित्रांना तीन गोष्टी सुचवतो.

पहिली. जुने वग करणारे, जलशात काम केलेले, कलापथकात ढोलकी वाजवलेले कलावंत किंवा त्यांची मुले तुमच्या तालुक्यात अजून असतील. त्यांच्याकडून नुसती पदे उतरून घेऊ नका. पदे पुष्कळ जमा झाली. वग बसवताना कोण काय सांगे, नव्याला कसे शिकवत, कोणत्या गावात कोणते बोलणे बदलावे लागले, कोणते गावकीच्या भीतीने गाळावे लागले, हे विचारा आणि त्यांच्या बोलीत लिहून घ्या. नटांची, झीलकऱ्यांची, स्त्रीवेष घेणाऱ्यांची नावे गावासह लिहा.

दुसरी. आज तुम्ही नाटक बसवता तेव्हा तालमीची वही ठेवा. प्रत्येक प्रसंगासमोर तो कोणी उभा केला त्यांची नावे घाला. छापताना ती नावे छापा. पत्रिकेत रकाना लहान असेल तर जोडपत्र लावा. ज्यांना लिहिता येत नाही त्यांच्या बाबतीत हे अधिक काटेकोरपणे करा, कारण त्यांचे नाव दुसऱ्या कोणी लिहिल्याशिवाय राहणार नाही.

तिसरी गोष्ट शिक्षकांसाठी. ५ नोव्हेंबरला वर्गात विष्णुदास भाव्यांविषयी जरूर सांगा. त्यांच्या नाटकात गद्य लिहिलेले नव्हते हेही सांगा. आणि लगेच, त्याच तासाला, उमाजी सावळजकरांचे नाव फळ्यावर लिहा. दोघांची रीत एक होती हे मुलांपुढे मांडा आणि पुढचा प्रश्न मुलांना विचारू द्या.